छत्रीचं माहेर

मार्चचा दुसरा आठवडा. आभाळ घासून ठेवल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही, पान हलत नाही. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या घरात आई टीव्हीवर जुनी गाणी लावून मेथी निवडत बसलेली. सकाळचे सव्वाअकरा होतात आणि पडद्यावरचा चेहरा चौकोनांत फुटतो. आवाज तुटतो, मग सगळंच जातं. काही मिनिटांनी कुणी हात न लावता गाणं पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने हे थांबतं ते थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत येतं, तेव्हा मात्र अकराच्या जरा आधी.

आईचं निदान पक्कं होतं: माकडं. गच्चीवर येतात, छत्री हलवतात. मी वर जाऊन छत्री बघून आले. ती जागची हलली नव्हती. हलत होता सूर्य. टीव्हीचा उपग्रह आणि आमची छत्री यांच्या रेषेत बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे तो येऊन उभा राहत होता आणि त्याच्या गोंगाटात गाणं बुडत होतं.

हे कळलं त्या दिवशी माझी त्या छत्रीकडे बघण्याची नजर बदलली. सूर्याचा गोंगाट तिला ऐकू येतो, म्हणजे ती सूर्य ऐकू शकते! कंपनीने तिला गाणी, बातम्या आणि मालिका उतरवून घ्यायला बनवलं. सूर्याचं नाव तिच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. पण पत्र्याच्या त्या ताटाला आणि त्याच्यासमोरच्या मूठभर डबीला कोण काय म्हणून विकतंय याच्याशी काय देणंघेणं?

आधी ती बघते कुठे, ते समजून घेऊ. आमच्या टीव्हीवरचे फ्री डिशचे चॅनेल ज्याच्यावरून येतात तो जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जबलपूर ८० अंशांच्या अगदी जवळ, म्हणून आमच्याकडून तो दक्षिणेच्या थोडा पूर्वेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर दिसतो. ‘दिसतो’ म्हणायचं एवढंच, अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटर आहे. गंमत अशी की छत्रीचं तोंड इतकं वर वळलेलं वाटत नाही. तिचा आकार मुद्दाम तिरका कापलेला असतो. परवलयाच्या मोठ्या वाडग्याची ती फक्त एक कड आहे. त्यामुळे ती जिथे बघतेय असं आपल्याला वाटतं, त्याच्या बरीच वर तिची खरी नजर असते.

उपग्रह विषुववृत्तावर असला तरी आपण उत्तरेला राहतो, म्हणून आपल्याला तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ४ अंश खाली दिसतो. सूर्य वर्षातून दोनदा तिथून जातो. एकदा उत्तरायणात वर चढताना, १०-११ मार्चच्या आसपास, आणि एकदा दक्षिणायनात खाली उतरताना, ३ ऑक्टोबरच्या आसपास. आईची ‘माकडं’ पंचांगाप्रमाणे यायची ती अशी.

आता ती डबी. छत्रीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली, केबलवाले जिला एलएनबी म्हणतात ती. छत्री नुसता आरसा आहे. खरी करामत डबीच्या आत आहे. उपग्रहाकडून येणारी लहर इथे पोचेपर्यंत इतकी क्षीण झालेली असते की डबी तिला काही लाख पट मोठी करते, शिवाय तिची कंपनसंख्या खाली उतरवते, तेव्हा कुठे ती साध्या केबलमधून खालच्या खोलीपर्यंत टिकते. अडचण ही की मोठं करणारं यंत्र स्वतःचाही आवाज मिसळतं. कुजबुज ऐकायची असेल तर ऐकणाऱ्याने धापा टाकून चालत नाही.

या धापा कमी करणारा ट्रान्झिस्टर जपानमध्ये फुजित्सूच्या ताकाशी मिमुरा यांनी शोधला आणि १९८० मध्ये तो जगापुढे आला. नाव लांबलचक: हाय इलेक्ट्रॉन मोबिलिटी ट्रान्झिस्टर. कल्पना मात्र दसऱ्याच्या जबलपुरात राहिलेल्या कुणालाही कळेल अशी आहे. चल समारोहाच्या रात्री मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण शेजारची गल्ली रिकामी असते. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन मिळावेत म्हणून स्फटिकात परके अणू पेरतात आणि मग इलेक्ट्रॉनांना त्याच अणूंच्या गर्दीतून धक्के खात पळावं लागतं. मिमुरांनी दोन थर एकमेकांना चिकटवले. परके अणू एका थरात, आणि त्यांनी सोडलेले इलेक्ट्रॉन घसरतात शेजारच्या शुद्ध थरात. गर्दी तिकडे, धावणं इकडे. धक्के कमी झाले की वेग वाढतो आणि खरखर घटते.

या ट्रान्झिस्टरला पहिलं काम कुठे मिळालं असेल? टीव्हीत नाही. १९८५ मध्ये जपानच्या नोबेयामा वेधशाळेतल्या ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीत. तिथे त्याला अतिशीत करून बसवलं आणि त्याच्या कानांनी सुमारे ४०० प्रकाशवर्षं दूरच्या एका काळ्या मेघातले नवे रेणू ओळखले गेले. टीव्हीवाल्यांनी त्याला हात लावला तो त्यानंतर. खरखर कमी झाल्यामुळे छत्र्या लहान करता आल्या, स्वस्त झाल्या, आणि जबलपूरच्या गच्च्यांवर येऊन बसल्या.

म्हणून जुनी छत्री सूर्याकडे वळवणारा माणूस तिचा भलताच उपयोग करतोय असं मला वाटत नाही. तो तिला माहेरी नेतोय.

हे माहेरपण करायला लागतं फार थोडं. एक काढून टाकलेली छत्री. जोडणी बदलली की जुन्या छत्र्या गच्चीवर गंजत पडतात, कबाडी त्या किलोवर घेतो. तिची डबी. आणि छत्री बसवणारे लोक वापरतात तो सॅट फाइंडर: सुई असलेलं, चूंऽऽ करून ओरडणारं छोटंसं यंत्र, काही शे रुपयांत मिळतं. सेट टॉप बॉक्स नको. बॉक्सला लहरींमधला मजकूर हवा असतो, फाइंडरला मजकुराशी मतलब नाही. एकूण किती ऊर्जा येतेय एवढंच तो सांगतो, आणि सूर्याकडून मजकूर कुठे येतो! डबीला वीज हवी, ती ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट करून देता येते.

पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांनी विद्यार्थ्यांकडून नेमकं हेच करून घेतलं आहे: डीटीएचच्या छत्रीतून छोटी रेडिओ दुर्बीण. खोडदला आणि आसपास ज्या एनसीआरएच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, तिने मुलांच्या हातात दोन फुटांची छत्री द्यावी हे मला फार देखणं वाटतं. त्यात एक कुळाचारही आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण १९६५ मध्ये कल्याणला उभारली ती ऑस्ट्रेलियाने दिलेल्या जुन्या छत्र्यांतून. सिडनीजवळ पॉट्स हिलला काम संपलेल्या, प्रत्येकी सहा फुटांच्या बत्तीस छत्र्या. त्या जहाजाने आल्या, कल्याणच्या माळावर रांगेत बसल्या आणि सूर्य ऐकू लागल्या. दुसऱ्याने बाजूला ठेवलेली वस्तू उचलून तिच्यातून नवं आकाश काढायचं, ही आपल्याकडच्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिलीच पायरी आहे.

मी माझी जुळणी गच्चीवर केली तेव्हा मदतीला शेजारचे सुभेदारसाहेब होते. जबलपूर म्हणजे सैन्याच्या सिग्नल कोरच्या प्रशिक्षणाचं गाव. इथे मोहल्ल्यात वायरलेसवर आयुष्य काढलेला निवृत्त माणूस हमखास सापडतो. डाग कसा द्यायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. छत्री रिकाम्या आभाळाकडे धरली तेव्हा सुई खाली बसली. “अब दीवार दिखाओ,” साहेब म्हणाले. छत्री शेजारच्या भिंतीकडे वळवली आणि सुई ताडकन वर गेली, फाइंडर किंचाळला. भिंत! विटांची, चुन्याची, गप्प उभी असलेली भिंत. तिच्यातून लहरी येत होत्या, कारण ती ऊबदार आहे. जे जे उबेत आहे ते ते थोडंथोडं रेडिओ लहरींत बोलत असतं. भिंत, जमीन, पिंपळ, माणूस. निरभ्र आभाळ गार आहे, म्हणून ते जवळजवळ मुकं.

मग सूर्य. इथे हात जोडून एक सांगायचं आहे: छत्रीला चकचकीत पत्रा किंवा फॉइल कधीही लावू नये. तिचा रंग मुद्दाम खरखरीत, मंद ठेवलेला असतो, नाहीतर ऊन एका बिंदूवर गोळा होऊन डबी वितळेल आणि त्या बिंदूशी गेलेला हात किंवा डोळाही जाईल. नेम धरायला एक सोपी युक्ती आहे. घागऱ्यावर शिवतात तेवढ्या टिकलीएवढ्या आरशांचे तीनचार तुकडे छत्रीवर चिकटवायचे आणि त्यांचे कवडसे डबीवर एकत्र पडेपर्यंत छत्री फिरवायची. सूर्याकडे बघावं लागत नाही.

कवडसे जुळले आणि सुई चढली. पण जवळपास भिंतीइतकीच! मी हिरमुसले होते, हे कबूल करते. मग कागदावर गणित केलं आणि हिरमोड पार पळाला. या लहरींत दिसणारा सूर्य डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यापेक्षा गरम असतो, कारण त्या त्याच्या पृष्ठभागावरच्या विरळ, तापलेल्या थरातून निघतात. तिथलं तापमान दहा हजार केल्विनच्या वर. पण दोन फुटांच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद, आणि सूर्य जेमतेम अर्धा अंश. नजरेचा छत्तिसावा भाग सूर्याने भरतो, उरलेलं सगळं गार आभाळ. दहा हजारांना छत्तीसने भागा, तीनशेच्या आसपास येतं. भिंतीचं तापमान केल्विनमध्ये तेवढंच असतं. भिंतीने अख्खी नजर भरून जे केलं, ते सूर्याने पंधरा कोटी किलोमीटरवरून, नजरेच्या एका कोपऱ्यात बसून केलं होतं.

त्याहून सुंदर गोष्ट छत्रीला हातही न लावता होते. ती सूर्याच्या जरा पुढे रोखून ठेवायची आणि दर अर्ध्या मिनिटाला सुईचा आकडा वहीत लिहायचा. पृथ्वी फिरते, सूर्य मिनिटाला पाव अंश सरकत छत्रीच्या नजरेत शिरतो, मधोमध येतो, बाहेर पडतो. बाराएक मिनिटांत कागदावर टेकडी उभी राहते. पृथ्वीचं फिरणं इतक्या साध्या साधनाने हाताशी आलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माहेरची ही वाट पुढे आणखी दूर जाते. युरोपातल्या डिजिटल टीव्हीसाठी अंगठ्याएवढे यूएसबी डोंगल निघाले होते. त्यांत रिअलटेकची आरटीएल-२८३२यू ही चिप असे. काम करायचं ते टीव्हीचं, आणि जोडीला एफएम रेडिओ. एफएमसाठी चिपमध्ये वेगळी यंत्रणा न घालता बनवणाऱ्यांनी सोय अशी केली की चिपने लहरींचे कच्चे आकडे सरळ संगणकाकडे पाठवायचे, उलगडा संगणक करेल. २०१२ मध्ये फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या हे ध्यानात आलं. कच्चे आकडे मिळतात म्हटल्यावर एफएमवरच का थांबायचं? काही आठवड्यांत हौशी लोकांनी प्रोग्रॅम लिहिले आणि टीव्हीचा डोंगल विमानं, जहाजं, हवामानाचे उपग्रह ऐकू लागला. तोवर अशी साधनं म्हणजे प्रयोगशाळांची मिजास होती.

त्यातल्या अनेक डोंगलांची पोच सुमारे १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. टीव्हीला त्यातलं बरंचसं लागतही नाही. पण त्या पट्ट्यात १४२०.४ बसतो, आणि तो आकडा हायड्रोजनचा आहे. हायड्रोजनच्या एकट्या अणूला त्या आकड्याची, म्हणजे २१ सेंटीमीटर लांबीची, एक लहर सोडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात. आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की कुणा ना कुणाची पाळी प्रत्येक क्षणी येतेच. डच खगोलज्ञ व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं, आणि १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डला इवन आणि पर्सेल यांनी खिडकीबाहेर लाकडी कर्णा बसवून ती लहर पकडली. आज पुठ्ठ्याचा कर्णा, आतून स्वयंपाकघरातली फॉइल, एक चांगला अँप्लिफायर आणि तो डोंगल एवढ्यावर ती घरी पकडणारे लोक जगभर आहेत. पडद्यावर एक बारीक उंचवटा दिसतो. तो १४२०.४ च्या जरा डावीकडे असेल तर ते ढग आपल्यापासून दूर चाललेत, उजवीकडे असेल तर जवळ येतायत. आकाशगंगेचं फिरणं, टीव्हीच्या एका डोंगलवर. माझा पुठ्ठा कापून झाला आहे.

मधल्या काळात आईला वर नेलं. गेल्या ऑक्टोबरची तीन तारीख, अकराला दहा मिनिटं कमी. खाली टीव्ही नेहमीप्रमाणे चौकोनांत फुटत होता. वर जुन्या छत्रीची सुई हळूहळू चढत होती. तिने दोन्हींचा संबंध मनात लावला, मान हलवली, माकडांबद्दल काही बोलली नाही. टेकडी वहीत पूर्ण झाल्यावर मी छत्री गार आभाळाकडे वळवली आणि तिला म्हटलं, डबीसमोर हात धर.

सुई वर गेली. तिने हात काढला, सुई खाली. पुन्हा धरला.

“अगं,” ती म्हणाली, “हे माझं?”