आंग्र्यांच्या आरमारातला कावळा

ठेकेदाराने कामाचा हिशेब फुगवून पुढे केला की वांकिडीतला तेलुगू माणूस दोनच शब्द बोलतो, ‘काकि लेक्कलु’. कावळ्याचे हिशेब. कोणी लांबलचक थापा लावू लागला तर त्या ‘काकम्म कथलु’, म्हणजे कावळीणबाईच्या कहाण्या. शेजारी बसलेल्या मराठी माणसाला ‘काकि’ ऐकून आधी आपली चुलती आठवते, ते सोडा. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव १९४८ पर्यंत निजामाचं होतं, पुढे आदिलाबाद जिल्ह्याचं आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्याचं. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू सगळं कानावर पडतं. अशा गावात राहिलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते: पक्षी तोच असतो, पण भाषा बदलली की त्याच्या मागचं लचांड बदलतं.

मराठीने तर कावळ्याला कामाला जुंपूनच ठेवलंय. भूक लागली की तो पोटात ओरडतो, दहाव्याला पिंडाला शिवतो, आणि तो फांदीवर बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडते. पूर्वी घरातली बाई चार दिवस बाजूला बसली की ‘कावळा शिवला’ असं सांगत. अंगणातली पोरं खरोखरचा कावळा शोधत बसायची. ही घरगुती सांकेतिक भाषाच होती. ज्यांना कळू नये त्यांच्यादेखत बोलायचं, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना बरोबर कळायचं.

चोरांच्या बोलीची गरज याहून वेगळी नसते. आपल्याकडे गुन्हेगारीच्या बातमीत जास्त भाव पोपटाला आहे. पोलिसी खाक्या दाखवला की आरोपी ‘पोपटासारखा बोलू लागतो’. हे वाक्य छापून छापून बातमीदारांच्या हाताला घट्टे पडले असतील. लंडनच्या चोरांनी मात्र एकोणिसाव्या शतकात कावळ्याला आपल्यात घेतलं. एकजण घरात शिरायचा आणि दुसरा कोपऱ्यावर उभा राहून गस्तवाल्यावर नजर ठेवायचा. या दुसऱ्याचं नाव ‘क्रो’. कावळ्यांचा थवा उकिरड्यावर उतरलेला ज्याने नीट पाहिलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. बाकीचे खात असतात तेव्हा एकजण उंचावर बसून मान वळवत असतो.

पण चोरांच्या पोतडीत कावळा त्याच्या कितीतरी आधी शिरला होता, आणि तो लोखंडाचा होता. दार उचकटायची जी पहार, तिला इंग्रजीत पंधराव्या शतकापासून नुसतंच ‘क्रो’ म्हणत. ‘बार’ हे शेपूट मागाहून लागलं. आमच्याकडे तिला सब्बल म्हणतात, तेलुगू शेतकरी गड्डपार म्हणतो, आणि घरफोडीच्या बातमीत हटकून येते ती तिची धाकटी बहीण, कटावणी. तिचं एक टोक वाकवलेलं आणि मधोमध चिरलेलं असतं. ती चीर फटीत सरकवायची, वाकडा भाग चौकटीला टेकवायचा आणि दांड्यावर वजन टाकायचं. कडीकोयंडा खिळ्यांसकट बाहेर येतो. ते वाकडं टोक कावळ्याची चोच की ती चीर म्हणजे त्याचा पंजा, यावर जाणकारांचं एकमत नाही. माझं मत चोचीला. कावळा चोच खुपसून ज्या तऱ्हेने वस्तू उकरतो ती तऱ्हा कटावणीचीच आहे.

शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये स्वतःच्याच घराबाहेर अडकलेला नवरा दार फोडायला ‘क्रो’ मागवतो आणि नोकर विचारतो, मालक, बिनपिसांचा का? प्रेक्षकांना हसू यायचं म्हणजे दोन्ही कावळे त्यांच्या रोजच्या ओळखीचे असणार.

संस्कृतातला चोरही असाच प्राण्यापक्ष्यांच्या नावांमध्ये वावरतो. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक भिंतीला भोक पाडण्याआधी त्याचा आकार कसा असावा यावर शास्त्रार्थ करतो, आणि स्वतःच्या गुणांची यादी सांगताना झडप घालण्यात आपण ससाणा आहोत असं म्हणतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त अपहारवर्मा रात्री निघतो तेव्हा त्याच्याजवळ काय काय असतं ते वाचण्यासारखं आहे. खणायला ‘फणिमुख’, म्हणजे नागाच्या तोंडाचं हत्यार. भोकातून आधी आत सरकवायला लाकडी मुंडकं, म्हणजे घरमालक सावध असला तर टोला त्याच्यावर पडेल. एका डबीत कोंडलेले भुंगे. ते सोडले की दिव्यावर झडप घालून दिवा मालवतात. आणि एक ‘काकली’. नावात काक दिसला म्हणून लगेच कावळा हुडकू नये. काकली म्हणजे मंद, गोड स्वर. तो हलकेच वाजवून घरातलं माणूस खरंच झोपलंय का हे चाचपायचं, असा तिचा अर्थ लावतात. कावळ्याच्या ओरडण्याला गोड म्हणेल असा चोर अजून जन्मायचाय.

खलाशाला कावळ्याशी चोरापेक्षा जास्त काम होतं. होकायंत्र नव्हतं तेव्हा किनारा कुठल्या अंगाला आहे हे ज्या प्राण्याला आपोआप कळतं, त्याला पिंजऱ्यात घालून बरोबर नेत. पाली ग्रंथांत हा ‘दिशाकाक’ येतो. वाट चुकली की पक्षी सोडायचा. जमीन दिसली तर तो तिकडे निघून जातो, नाही दिसली तर गलबतावर परत येतो. ‘बावेरु जातका’तले व्यापारी असा एक कावळा बावेरुला, म्हणजे बाबिलोनला नेतात. तिथल्या लोकांनी पक्षी कधी पाहिलेलाच नसतो. ते त्याला शंभर नाणी देऊन विकत घेतात आणि सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवून गोडधोड खाऊ घालतात. पुढच्या फेरीला व्यापारी मोर आणतात आणि कावळ्याचे लाड संपतात. बायबलमधल्या नोआनेही जमीन पाहायला पहिला सोडला तो डोमकावळ्याच्या जातीचाच पक्षी. आइसलँड गाठू पाहणारा फ्लोकी तर असे तीन पक्षी घेऊन निघाला आणि तेच नाव त्याला चिकटलं.

डोलकाठीच्या टोकावर पहारेकरी बसतो त्या पिंपाला ‘क्रोज नेस्ट’ म्हणतात. बोचरा वारा अडवणारं बंदिस्त पिंप देवमासे मारणाऱ्या विल्यम स्कोर्सबीने १८०७ मध्ये बसवलं असं मानतात. तिथे पूर्वी कावळ्यांचे पिंजरे ठेवत म्हणून हे नाव पडलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण उंच शेंड्यावरचं काटक्यांचं घरटं एकदा पाहिलं की एवढ्या लांबच्या कारणाची गरज उरत नाही. आणि खऱ्या कावळ्यांचं म्हणाल तर त्यांना पिंजऱ्याचीही गरज लागली नाही. आपला घरकावळा बोटींवर बसून तिकीट न काढता जग हिंडला. १९९४ मध्ये तो थेट हॉलंडच्या बंदरात उतरला आणि तिथे त्याने संसारही थाटला.

चोर आणि खलाशी हे दोघं एकाच शब्दावर येऊन आदळतात ते आपल्या कोकण किनाऱ्यावर. तो शब्द ‘गुराब’. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं मोजताना गुराबा येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात एका सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असावीत असा हिशेब आहे. मराठी वाचक हा शब्द शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. पण गुराब म्हणजे अरबीतला ‘घुराब’, आणि घुराब म्हणजे कावळा, मोठ्या चणीचा, डोमकावळ्याचा थोरला चुलतभाऊ. डांबर फासलेलं काळंकुट्ट अंग आणि पुढे काढलेली चोच, म्हणून भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाला अरबांनी हे नाव दिलं, असं जुने अभ्यासक सांगतात. रोमनांनाही याच पक्ष्याने भुरळ घातली होती. इसवी सनापूर्वी २६० मध्ये त्यांनी शत्रूच्या जहाजावर आपटायचा, टोकाला लोखंडी सुळा असलेला पूल तयार केला, त्याचं नाव ‘कोर्व्हस’, कावळाच.

गुराबेचं वर्णन अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्मने बारकाईने लिहून ठेवलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. पोट रुंद, पाण्यात बुडणारा भाग अगदी कमी, म्हणजे खाडीत शिरायला मोकळी. नाळ नेहमीच्या जहाजासारखी गोल नव्हे, तर लांब पुढे आलेली. त्या चोचीमागे दोन मोठ्या तोफा, तोंड थेट पुढे. युरोपी जहाजाची सगळी ताकद त्याच्या कुशीत असायची. गुराब त्या कुशीसमोर यायचीच नाही. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं तिला ओढत शत्रूच्या पिछाडीला आणत आणि तिथून ती डोलकाठ्यांवर नि दोरखंडांवर मारा करी. मागून येऊन टोचायचं. नाव ठेवणाऱ्याने हे पाहून ठेवलेलं नव्हतं, पण नाव शोभून दिसलं खरं.

मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तोवर कोकणच्या समुद्रात कोणी जावं आणि कोणी नाही हे त्यांचं दस्तक ठरवत होतं. दस्तक घ्या, जकात भरा, खुशाल जा. नाही घेतलं तर जहाज जप्त. पोर्तुगीज आपले परवाने विकत तेव्हा तो राजाचा हक्क होता. सरखेलांनी तेच केलं की ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद ‘चाचे’ अशी व्हायची. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला करून इंग्रज हात हलवत परतले, त्यानंतर हा शब्द त्यांच्या तोंडी अधिकच बसला. इंग्रजांनी गुराबेचा उच्चार केला ‘ग्रॅब’. इंग्रजीत ग्रॅब म्हणजे हिसकावणं. तो शब्द डच-जर्मन कुळातला, अरबी कावळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण लुटारूंची जहाजं आणि नाव हिसकावण्याचं, एवढं जुळल्यावर तपासतो कोण? नुसत्या उच्चाराच्या जोरावर आरमाराचं जहाज चोराच्या पंगतीत जाऊन बसलं.

१२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गाच्या खाडीत शिरले. त्यांच्या बाजूने पेशव्यांची फौज जमिनीवर उभी होती. ही गोष्ट मराठी माणसाच्या घशाखाली अजून नीट उतरत नाही आणि उतरूही नये. आग आधी लागली ती ‘रिस्टोरेशन’ला. हे मूळचं कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी पूर्वी पकडून आणलेलं. त्यावरून ती एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर गेली आणि कान्होजींचा मुलगा तुळाजी याचं सगळं आरमार एका संध्याकाळी जळालं.

यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला तोवर ‘ग्रॅब’ जहाज जवळपास विस्मरणात गेलं होतं. चाचे येणारं-जाणारं सगळं हिसकावत म्हणून जहाजाचं नाव ग्रॅब, असं कोणीतरी स्वतःच्या डोक्यातून काढून सांगेल, अशी त्यांनी आधीच थट्टा करून ठेवली आणि मग कावळ्याचा पत्ता दिला. मजा अशी की कंपनीने स्वतःच्या ताफ्यातही याच घडणीची जहाजं बांधून ठेवली होती आणि त्यांना कोणी चाचे म्हणत नव्हतं. त्यांतल्या एकाचं नाव ‘बॉम्बे ग्रॅब’. पूर्व लंडनच्या बो रोडवर याच नावाची दारूची गुत्तेवजा खानावळ होती. हिंदुस्थानात बियर पाठवणारा हॉजसनचा कारखाना त्याच वस्तीतला.