वस्तऱ्याआधी दगडाला वळण लावा!

वस्तऱ्याने दाढी करायचं फॅड तुम्हालाही लागलंय? आणि धार लावायला बेल्जियमचा 'कोटिक्यूल' दगडही मागवलाय? भारीच! पण वस्तरा लगेच त्यावर घासू नका. आर्डेन भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास सापडणारा हा पिवळसर दगड. त्यातले गार्नेटचे बारीक कण पोलाद खरवडतात. पिवळा थर मात्र पातळ, म्हणून त्याला बहुतेकदा खाली स्लेटचा आधार असतो.

आजीच्या पाट्याला टाकी लावून तो खडबडीत करतात ना, इथे बरोबर उलटं. दगड एकदम सपाट हवा. मध्ये खळगा असेल तर पातं सगळीकडे टेकतच नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून, भरपूर पाणी घालून दगड हलक्या हाताने घासा. सगळ्या रेषा पुसल्या की बस्स! उगाच घासत बसलात तर महागडा पिवळा थरच वाया. आणि कोरडं घासायचं नाही हं, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

कडांकडे बरेच जण बघतच नाहीत. त्या टोकदार राहिल्या तर वस्तऱ्याची नाजूक धार तिथेच लागून तुटते. दगड तिरका धरून कडा जरा गोलसर करा.

आता त्याच जातीच्या दगडाचा छोटा तुकडा पाण्यासोबत वर फिरवा, सहाणेवर गंध उगाळतो तसा. दुधासारखं पाणी सुटलं की आणा वस्तरा. या पाण्यात पोलाद भराभर झिजतं, त्यामुळे शेवटचे हात मात्र स्वच्छ पाण्यावर.