मुदत भरली, माणूस सुटला नाही

1971 साली मी कल्याणला रेल्वेच्या ऑफिसात नवा कारकून होतो. सर्व्हिस बुकं लिहायची, रजा मांडायच्या, हे काम. शेडमधले काही फिटर, काही फायरमन ‘टीए’त, म्हणजे प्रादेशिक सेनेत होते. एरवी नोकरी, वर्षाकाठी कॅम्प. पाकिस्तानशी लढाईसाठी त्यांना बोलावणं आलं आणि आमच्या टेबलाशी बायकांची ये-जा सुरू झाली.

कोळसेवाडीतल्या एकीने थेट विचारलं, “साहेब, ह्यांची मुदत तर भरली. मग सोडत का नाहीत?”

हेडक्लार्कांनी 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम 8: मुदत संपली की सुटका मिळण्याचा हक्क आहे, पण माणूस त्या वेळी लष्करी सेवेवर असेल, तर ती सेवा संपेपर्यंत नाही. “वहिनी, नोकरी कुठे जात नाही,” एवढंच ते म्हणाले. तेही खरंच होतं. कलम 7अ प्रमाणे माणूस परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे आणि 7ब फंडाचे हक्क राखतं. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, घराघरांत पेढे वाटले. आमच्या वहीत मात्र लढाई संपली नव्हती. तुकडी मोकळी केल्याचा हुकूम येईपर्यंत हजेरीच्या रकान्यात ‘टीए’च लिहायचं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या प्रादेशिक सैनिकांचं याहून वाईट झालं होतं. 1914 च्या नोव्हेंबरात त्यांची वेसेक्स डिव्हिजन मुंबईला उतरली. करार चार वर्षांचा, आणीबाणीत आणखी एक वर्ष. 1916 च्या मे महिन्यात नवा कायदा आला आणि मुदत संपलेल्यांनाही युद्ध संपेपर्यंत अडकवलं.

पण सगळेच सुटायला उतावीळ असतात, हा आमच्यासारख्या पर्मनंट नोकरीवाल्यांचा समज. पुण्याच्या 101 किंवा कोल्हापूरच्या 109 टीए बटालियनमधल्या, गावी धड काम नसलेल्या जवानाला सेवेवरच्या दिवसांचाच पगार. पेन्शनलाही तेच दिवस धरतात, आणि ते मिळून पंधरा वर्षं भरावी लागतात. त्याला धास्ती घरी पाठवलं जाण्याची.

6 मे 2025 च्या आदेशाने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचा अधिकार मिळाला. 32 पायदळ बटालियनपैकी 14 सेवेवर घ्यायच्या होत्या. आदेशाची मुदत 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत. मधल्या काळात सेवेवर असताना ज्याचा करार संपेल, त्यालाही तेच कलम 8.