पाय जमिनीवर आहेत ना?

सॅम्पल फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय बघतो? मॉड्युलर किचन, व्ह्यू, पार्किंग आणि अर्थातच ईएमआय! टॉवरच्या खाली काय आहे, हे विचारणारा विरळाच.

सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर आठवा. 58 मजले, 2009 मध्ये तयार, एकदम पॉश. 2016 मध्ये बातमी फुटली, की टॉवर सुमारे 16 इंच खचलाय आणि चक्क कललाय! पुढे कोर्टकचेऱ्या आल्याच.

पाया काही कच्चा नव्हता. 10 फूट जाड काँक्रीटचा स्लॅब, म्हणजे राफ्ट, आणि त्याखाली जवळजवळ 950 पाइल्स. मग घोळ कुठे झाला? पाइल्स वाळूच्या घट्ट थरात थांबले. त्याखाली चिकणमाती आणि खडक 200 फुटांहून खोल. वजन पडलं की अशा मातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि थर दबतो. शेजारच्या खोदकामात झालेल्या पाणीउपशाकडेही बोट दाखवलं गेलं.

फंडा सोपा आहे. पाइल थोडा भार टोकावर पेलतो, थोडा अंगाभोवतीच्या मातीच्या घर्षणावर. राफ्ट सगळ्यांना एकत्र बांधतो. पेन्सिल हील लॉनमध्ये रुतते, तसा खांब राफ्टमध्ये घुसू नये म्हणून तो इतका जाड! पण खरी गोम पुढेच आहे. एकटा पाइल टेस्टमध्ये पास झाला तरी शेकडो पाइल्स मिळून खूप खोलवरची माती दाबतात. त्यामुळे डिझाइनरला दोन प्रश्न सोडवावे लागतात: इमारत किती खचेल आणि सगळीकडे सारखी खचेल का? सारखी खचली तर एक वेळ निभावतं, एका बाजूला जास्त खचली की कलते.

खडक गाठलाच पाहिजे असंही नाही हं! 828 मीटरची बुर्ज खलिफा 3.7 मीटर जाड राफ्टवर उभी आहे आणि तिचे पाइल्स ठिसूळ खडकात मुख्यतः घर्षणावर भार पेलतात. जमीन नीट ओळखली की झालं.

मिलेनियमला शेवटी दोन बाजूंनी खडकापर्यंत 18 नवे पाइल्स घालावे लागले. ते काम 2023 मध्ये संपलं.

आपल्या मुंबईतही कुठे वरच बेसॉल्ट लागतो, तर खाडीकाठी आधी चिखल. तेव्हा पुढच्या साइट व्हिजिटला जिमच्या आधी बिल्डरला एवढंच विचारा: सॉइल रिपोर्ट काय म्हणतो, पाइल्स कुठे टेकलेत आणि इमारत किती खचेल असं धरलंय? ईएमआय वीस वर्षं भरायचाय, बॉस!