वॉशिंग मशीनमध्ये ४० डिग्री की ६०? आधी डाग बघा!

माझी ताई घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या बाहीवर रक्ताचा डाग पडला. ती नाइट करून येऊन झोपली होती, म्हटलं आपणच धुऊन टाकू. पांढरा कपडा म्हणजे गरम पाणी, एवढंच मला माहीत. थेट ६० डिग्री लावलं. दोन तासांनी मशीन उघडलं तर डाग तपकिरी होऊन पक्का बसलेला. दुसरा युनिफॉर्म बादलीत भिजत होता आणि रात्री परत ड्युटी. ताई काही बोलली नाही, बाही दुमडून गेली. मला मात्र लाज वाटली, म्हणून हे सगळं शोधून काढलं.

रक्त, दूध, अंडं यांत प्रोटीन असतं. अंडं उकडल्यावर जसं घट्ट होतं, तसं हे प्रोटीन गरम पाण्यात कपड्याच्या धाग्याला धरून बसतं. म्हणून असा डाग आधी नळाच्या साध्या पाण्यात धुवा. मग पाकिटावर 'एन्झाइम' लिहिलेल्या डिटर्जंटमध्ये अर्धा तास भिजवा. त्यातलं प्रोटीएज हे एन्झाइम प्रोटीनचे तुकडे करतं, आणि त्याला ३०-४० डिग्री पुरतं. डाग निघाला की मगच ६०. हॉस्पिटलचे कपडे, आजारी माणसाच्या चादरी, टॉवेल यांना ६० द्याच, पण लेबलवर परवानगी असेल तर.

हळदीचं प्रकरण वेगळंच. डिटर्जंट लागताच पिवळा डाग लालभडक होतो! घाबरू नका. डिटर्जंट अल्कलाइन असतं आणि हळदीतलं कर्क्युमिन त्यात रंग बदलतं. धुऊन कडक उन्हात वाळवा, डाग फिका होत जातो.

रोजच्या कपड्यांचं काय? मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी स्वतःच कोमट येतं. जीन्स, टी-शर्टला तेवढं बास. हिशोबच बघा: १५ लिटर पाणी २७ वरून ४० डिग्रीला न्यायला साधारण ०.२३ युनिट वीज लागते, ६० ला न्यायला ०.५८. म्हणजे अडीच पट, आणि हे फक्त पाणी तापवायचं. तेलकट डब्याचे रुमाल, शर्टची कॉलर यांना ४० लावा.

आता पावडर की लिक्विड? काही पावडरींमध्ये ऑक्सिजन ब्लीच असतं, ते पांढऱ्या कपड्यांना चांगलं आणि कोमट पाण्यात जास्त काम करतं. काळ्या-रंगीत कपड्यांना लिक्विड बरं, पावडरीचे पांढरे कण राहत नाहीत. फ्रंट लोडमध्ये हाताने धुवायची पावडर मात्र टाकू नका. फेस इतका होतो की कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आणखी एक गंमत झाली. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, मोडक सागर अशा तलावांचं, म्हणजे मऊ. पण टंचाईत टँकर येतो, आणि त्यात बहुतेकदा बोअरचं जड पाणी असतं. त्यातलं कॅल्शियम डिटर्जंटची ताकद खातं, काळे टी-शर्ट राखाडी दिसू लागतात. आम्ही उगाच डिटर्जंटचा ब्रँड बदलत बसलो होतो! तपासायचं असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस टाका आणि हलवा. भरपूर फेस टिकला तर पाणी मऊ, दह्यासारखी साय आली तर जड. जड पाण्यात डिटर्जंट थोडं जास्त घ्या, मऊ पाण्यात पाकिटावरच्या मापापेक्षा कमी चालतं.

लेबलवरच्या टबच्या चित्रात एक ठिपका म्हणजे ३० डिग्री, दोन म्हणजे ४०, चार म्हणजे ६०. टबवर फुली असेल तर मशीनच्या नादी लागू नका. अक्षर बारीक असेल तर फोनचा कॅमेरा झूम करा. ताईच्या नव्या युनिफॉर्मच्या लेबलचा फोटो आता माझ्या गॅलरीत पिन करून ठेवलाय.