स्टिरिओसाठी कपाट

घरात स्टिरिओ आला, की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न येतो. धूळ बसू नये म्हणून बहुतेक लोक काचेच्या दाराचे कपाट करून घेतात. तुम्ही त्याला अलमारी म्हणाल. असे कपाट छान दिसते. पण चारही बाजूंनी बंद असेल, तर यंत्र त्यात गुदमरते.

आवाज वाढवणाऱ्या भागाला ॲम्प्लिफायर म्हणतात. त्याने घेतलेली सगळी वीज आवाजासाठी वापरली जात नाही. बरीचशी उष्णतेत बदलते. ही उष्णता कोंडून राहिली, की आतले भाग तापतात. त्यांतल्या अनेक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो हळूहळू सुकतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

उपाय सोपा आहे. गरम हवा हलकी असल्यामुळे वर जाते. म्हणून मागच्या फळीला खाली एक लांब फट ठेवा आणि वरच्या कडेला तेवढीच दुसरी. खालून थंड हवा आत येईल, वरून गरम हवा बाहेर जाईल. मधल्या फळ्याही सलग नकोत, पट्ट्यांच्या असाव्यात. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर सुमारे १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. कपाट भिंतीला चिकटवू नका. नाहीतर मागच्या फटींचा उपयोग काय?

घरात रेकॉर्ड प्लेअर असेल, तर काम अधिक अवघड होते. रेकॉर्डवरच्या बारीक खाचेतून सुई फिरते. खाचेच्या नागमोडी वळणांमुळे ती थरथरते आणि त्या थरथरीचाच पुढे आवाज होतो. सुईला गाण्याची थरथर आणि जमिनीची थरथर यांतला फरक कळत नाही. स्पीकर त्याच कपाटावर असेल, तर त्याची कंपने लाकडातून सुईपर्यंत पोचतात, मोठी होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतात आणि पुन्हा सुईकडे येतात. मग गाणे बाजूला राहते आणि नुसता घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. म्हणून स्पीकर नेहमी वेगळे ठेवावेत.

अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये यावर एक सुरेख युक्ती वापरली. त्यांनी रेकॉर्ड फिरवणारी थाळी आणि सुईचा दांडा एकाच पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तोलली. धक्का बसला तरी रेकॉर्ड आणि सुई दोन्ही एकदम हलत. त्यामुळे सुईला धक्का जाणवतच नसे. चालू यंत्राच्या वरच्या भागावर हातोडी मारली, तरी गाणे थांबत नसे!

तुम्हालाही हे साधेल. प्लेअरखाली जड फळी ठेवा आणि फळीखाली मऊ स्प्रिंगा. वजनाने स्प्रिंगा १ सेंटीमीटर दबल्या, तर फळी सेकंदाला सुमारे ५ वेळाच डोलू शकते. आपल्याला ऐकू येणारी कंपने सेकंदाला २० च्या पुढची असतात. इतकी जलद कंपने फळीपर्यंत फारच थोडी पोचतात. स्प्रिंगा नसतील, तर सायकलची जुनी ट्यूब थोडीच हवा भरून वापरा. जुन्या घराच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असेल, तर मात्र फळी सरळ भिंतीत ठोका. तिथे चालणाऱ्याच्या पावलांनीही सुई उडते.

कपाट झाले, की तपासून पाहा. गाणे तासभर वाजू द्या. मोठ्या माणसाला खालच्या फटीजवळ उदबत्ती धरायला सांगा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग प्लेअर बंद करून त्याच्या फळीवर पाण्याची वाटी ठेवा आणि जवळ पाय आपटा. पाण्यावर तरंग उठले, तर स्प्रिंगा अजून कडक आहेत.