एका जागेला चार माणसं

पालघर जिल्ह्यातल्या बेटेगावच्या एका कारखान्यात पुढच्या वर्षी माणसं किती लागतील याचा हिशेब चालला होता, तेव्हा मी शेजारी बसून तो पाहत होतो. टेबलावर हजेरीचं मस्टर, रजेचे अर्ज आणि निवृत्तीच्या तारखांची यादी. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी सुरुवात बॉयलरपासून केली. तो तिन्ही पाळ्यांत चालतो आणि प्रमाणपत्र असलेला अटेंडंट तिथे हजर लागतोच. आठवड्याच्या पाळ्या 21. साप्ताहिक सुट्टी धरली तर एक माणूस 6 पाळ्या करतो. भागाकार साडेतीन येतो, म्हणून माणसं चार. चौघांच्या 24 पाळ्या होतात. वरच्या तिनांत आजारपण, लग्नकार्य आणि हक्काची रजा बसवायची.

"तिघांत भागवू की मॅडम, ओव्हरटाइम देऊन," उत्पादनाचे साहेब म्हणाले.

मॅडमनी मस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. जुलैच्या पानावर खाड्यांच्या लाल खुणा दाट होत्या. "आवणीला गावातली पोरं शेतावर असतात, साहेब. होळीला आणि छठला यूपी-बिहारची माणसं घरी जातात. तेव्हा तिघांतला एक आजारी पडला, तर दोघांनी चोवीस तास बॉयलर सांभाळायचा का?" साहेबांनी चौथी जागा मान्य केली.

पण माणसांचा आकडा काढणं सोपं. तो भरायला लागणारा काळ धरणं अवघड. यादीतले एक अटेंडंट दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्याला परीक्षेला बसण्याआधी बॉयलरवरचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. म्हणजे तो मुलगा आजच हाताखाली हवा. 30 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी त्यांना स्वस्तातले हात म्हणून राबवलं जातं. इथे मात्र मॅडमनी प्रत्येक निवृत्तीच्या तारखेसमोर एका शिकाऊ मुलाचं नाव लिहिलं.

जवळच्या तारापूर अणुऊर्जा केंद्राला माणसं अशी आधीपासून घडवणं नवं नाही. 1969 साली दोन अणुभट्ट्यांनी सुरू झालेल्या या केंद्रात 2005 आणि 2006 मध्ये प्रत्येकी 540 मेगावॉटच्या आणखी दोन आल्या. अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात बसायला प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना लागतो. अशी माणसं बाजारात आयती मिळत नाहीत. भट्टी उभी राहत असतानाच ती घडवावी लागतात.

आता सगळ्या पालघर जिल्ह्यालाच हा हिशेब मांडावा लागणार आहे. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय, आणि डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. ही कामं पुरी झाली की भरतीच्या जाहिराती निघतील. पण क्रेन चालवणारा किंवा सिग्नल दुरुस्त करणारा जाहिरातीच्या दिवशी तयार होत नाही. तो आज नववी-दहावीत शिकतोय. कोणत्या कामाला किती माणसं आणि कधी लागतील, हे प्रकल्पांनी आत्ताच सांगावं आणि आयटीआयनी त्याप्रमाणे वर्ग उघडावेत. तसं झालं नाही, तर कुशल माणसं बाहेरून आणावी लागतील, आणि या प्रकल्पांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना ठेकेदाराकडे रोजंदारीवर उभं राहावं लागेल.